उन्हातली सुनावणी

जानेवारी लागला की भोपाळमधली माणसं खुर्च्या घेऊन उन्हामागे फिरू लागतात. सकाळी पूर्वेच्या पायरीवर बसलेलं घर दुपारी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं दिसतं. टी. टी. नगरच्या कचेऱ्यांतले बाबू डबे घेऊन गवतावर येतात आणि जेवण संपलं तरी उठत नाहीत. तलावावरचं धुकं नऊ-साडेनऊपर्यंत रेंगाळतं, मग कोणीतरी चादर ओढून घ्यावी तसं एकदम जातं. परवा रविवारी मिसरोदच्या आमच्या गच्चीवर मी बटला सोलत बसले होते. मटाराला इथले मराठी लोक बटला म्हणतात, मीही म्हणते. आई मात्र मिरजेची, ती अजून मटारच म्हणते. शेंग अंगठ्यानं फोडली की जो कोवळा, ओलसर वास येतो, तो मला दर वर्षी एकाच जानेवारीत नेऊन सोडतो. तेव्हा मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि समता या शब्दाचा अर्थ आपल्याला कळला आहे अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं कॉलेज लहान. जुनी दुमजली इमारत, मधे फरसबंद आंगण, आंगणात कडुनिंब. वर्ग खाली होते. वर सभागृह, प्राचार्यांची खोली आणि वाचनालय. त्या वर्षी शहरातल्या सहा विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा दोन दिवसांचा मेळावा आमच्याकडे ठरला होता. सव्वीस जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात. विषय सगळे ताजे, वर्तमानपत्रात रोज दिसणारे: फोनवरची पाळत आणि खासगीपणा, इंटरनेट बंद करण्याचा सरकारचा अधिकार, आंदोलनाचा हक्क, सज्ञान माणसांनी कोणाशी लग्न करावं हे विचारायचा हक्क कोणाला. शेवटच्या दुपारी अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट: खोटा खटला, खरे युक्तिवाद. मेळाव्याची मी एक संयोजक होते, दुसरा फैजान.

फैजान जुन्या भोपाळचा. उंच, हडकुळा, सतत घाईत. त्याच्या बोलण्यात आर्जव आणि दादागिरी यांचं असं मिश्रण असे की मंडपवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत कोणी त्याला नाही म्हणत नसे. आणि अभिरूप न्यायालयात खासगीपणाच्या बाजूनं उभी राहणार होती अनघा.

अनघा माझी मैत्रीण. मूळची उज्जैनची, वडील राज्य सरकारच्या कचेरीत, घर टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत, तळमजल्यावर. लहानपणीच्या एका तापात तिच्या पायांतली शक्ती गेली, तेव्हापासून व्हीलचेअर. एक ठरलेला रिक्षावाला तिला मागच्या फाटकाशी सोडत असे, कारण पुढच्या दाराला पायऱ्या होत्या. तिथून ती स्वतः चाकं फिरवत वर्गात येई. वर्गात तिच्याइतकं नेमकं बोलणारं कोणी नव्हतं. प्राध्यापक प्रश्न विचारत आणि आम्ही वहीत डोकं घालत असू, तेव्हा तिचा आवाज यायचा, थोडा खर्जातला, अजिबात घाई नसलेला.

वाचनालयातून तिची पुस्तकं मी आणत असे. अडीच वर्षं आणली. ती कागदावर नावं लिहून देई, मी वर जाई, ग्रंथपाल तिवारीजी चष्मा कपाळावर चढवून कपाटांतून पुस्तकं काढून देत, मी दोन्ही हातांवर थप्पी घेऊन खाली येई. मला त्या कामाचा अभिमान होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. कोणी बघत असलं तर मी थोडी सावकाशच उतरत असे.

निमंत्रणपत्रिका छापून आल्या त्या दिवशी कडुनिंबाखाली ऊन छान पसरलं होतं. मीठ-तिखट लावलेले पेरू खात आम्ही तिघं बसलो होतो. अनघानं पत्रिका हातात घेतली, शेवटपर्यंत वाचली, आणि परत पहिल्या ओळीवर आली.

"सभागृह, पहिला मजला," ती वाचून म्हणाली. "मीनल, सभागृह वर आहे."

माझ्या तोंडात पेरूची फोड तशीच राहिली. मी ती पत्रिका तीन वेळा तपासली होती. स्वल्पविराम बदलले होते. पाहुण्यांच्या नावापुढची पदवी दोनदा दुरुस्त केली होती.

फैजाननं लगेच परिस्थिती हातात घेतली. "अरे तो क्या हुआ? चार लोग हैं हम. कुर्सी समेत उठा लेंगे, दो मिनट का काम है."

"नहीं," अनघा म्हणाली.

"संभाल के उठाएँगे, यार. क़सम से."

"मला माहीत आहे तू सांभाळून उचलशील," ती आता माझ्याकडे बघून मराठीत बोलत होती. "आठवीत वक्तृत्व स्पर्धा होती. सरांनी आणि तीन मुलांनी मला स्टेजवर उचलून नेलं. माझी ओढणी चाकात अडकून राहिली होती, मी ती ओढत होते, आणि खाली सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. मी अजून एक शब्द बोललेच नव्हते, मीनल. मग बोलले. पहिला नंबर आला. पण आजपर्यंत त्या शाळेतलं जे कोणी भेटतं ना, त्याला माझं भाषण नाही आठवत. उचललेलं आठवतं."

फैजानला सगळं मराठी समजत नसे, पण एवढं त्याला समजलं. त्यानं हातातला पेरू खाली ठेवला.

"मी नाही येणार," अनघा म्हणाली. रागानं नाही, वेळापत्रक सांगावं तसं. "दुसऱ्या कोणाला तरी उभं करा. माझे मुद्दे मी लिहून देते."

मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलले ते सगळ्यांत वाईट. "अगं, मी कधी तुला मागे राहू दिलंय का? तुझं एक तरी पुस्तक चुकलंय?"

"नाही चुकलं," ती म्हणाली. "अडीच वर्षं तू आणशील तेच मी वाचून राहिले."

मग ती चाकं फिरवून वर्गाकडे गेली.

घरी आले तेव्हा मी धुमसत होते. आम्ही तेव्हा इंद्रपुरीत राहत होतो. बाबा तिथल्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाला जानेवारीत जे काम मिळतं तेच करत होते: आंगणात वर्तमानपत्रावर बटल्याचा ढीग घेऊन सोलत बसले होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मी किती केलं तिच्यासाठी आणि ती काय बोलली, याच क्रमानं सांगितलं.

बाबा ऐकत होते. शेंगांचा आवाज थांबला नाही. माझं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग सभागृह खाली का नाही?"

"सभागृह वरच असतं, बाबा. बांधलंच तसं."

"ते कळलं. माणसं खाली का बसत नाहीत, असं विचारतोय. आम्ही कारखान्यात यंत्र बसवताना आधी हे बघायचो की त्याला तेल घालणारा माणूस तिथवर पोचतो का. पोचत नसला तर यंत्र कितीही भारी असो, बसवणाऱ्याची चूक."

आई आतून म्हणाली, "अहो, पोर दमून आलीय, तिला चहा तरी घेऊ द्या." पण मी चहाला उठले नाही. बसवणाऱ्याची चूक. मला राग आला आणि त्या रागातच कळलं की बाबा बरोबर आहेत.

दुसऱ्या दिवशी मी लवकर कॉलेजात गेले आणि वाचनालयात उभी राहिले. कागद नव्हता हातात. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी कपाटांमधून नुसती चालले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, धूळ तरंगत होती. एका कपाटात जुन्या निकालांचे जाड खंड होते, कणे उडालेले. एकात जंगलांचे कायदे. खालच्या खणात कोणीच न नेलेली पातळ पुस्तकं. यातलं अनघाला काय आवडलं असतं याचा मला अंदाज येईना. ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण होती आणि मला अंदाज येईना. मी तिला कधी कपाटासमोर उभं... चुकले, कपाटासमोर पाहिलंच नव्हतं.

मेळावा खाली आंगणात घेऊ द्या म्हणून मी आणि फैजान प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना काळजी होती ती सगळं नीट पार पडण्याची. समोरच्या खुर्च्यांवर आम्हांला बसवलं, चहा मागवला, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आंगन में? जिला न्यायाधीश रह चुकी हैं मैडम, उनको आप पेड़ के नीचे बिठाओगे? पत्ते गिरेंगे उन पर. और वो बच्ची... उसको तो प्यार से ऊपर ला सकते हैं ना. सब मदद करेंगे."

"सर, वो मदद नहीं चाहती," फैजान म्हणाला.

"तो क्या चाहती है?"

फैजाननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बराबरी, सर." शब्द तोंडातून निघाला आणि मलाच तो पत्रिकेवरचा वाटला. प्राचार्यांनीही तो तसाच ऐकला. कार्यक्रम सभागृहातच होईल, त्यांनी सांगितलं.

मग मी एक आगाऊपणा केला. प्रमुख पाहुण्या होत्या निवृत्त जिल्हा न्यायाधीश. पत्रिका पोचवण्याच्या निमित्तानं त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी कॉलेजच्या मागच्या भिंतीशी उभं राहून फोन केला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, प्राचार्यांनी नाही म्हटलंय हेही.

मग त्या हिंदीत, सावकाश बोलल्या. "बेटा, माझी बरीच वर्षं पहिल्या मजल्यावरच्या कोर्टात गेली. खाली आवारात कोण बसून राहिलं, कोण जिना बघून परत गेलं, हे मी कधी पाहिलंच नाही. माझ्या बोर्डावर, त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, त्यांचं नाव गैरहजर असं पडायचं." जरा थांबून म्हणाल्या, "आणि आता माझ्या गुडघ्यांनाही तुमचा जिना नकोच आहे. तुमच्या सरांना मी कळवते."

तासाभरात प्राचार्यांचा निरोप आला. आंगण.

मी धावत अनघाकडे गेले. कडुनिंबाखाली ती टिपणं काढत बसली होती. मी एका दमात सांगितलं: बाई काय म्हणाल्या, मंडप कुठे, माइक कुठे, तुझी जागा कुठे. तिचा चेहरा उजळेल म्हणून थांबले. तो उजळला नाही.

"हे सगळं ठरलं?" तिनं विचारलं.

"ठरलं!"

"आणि मला कधी विचारणार होतीस?"

आज मी वकिली करते. रोज कोणाच्या तरी वतीनं उभी राहते. एखादी बाई समोर बसून आपली हकीकत सांगत असते आणि माझ्या डोक्यात तिचा अर्ज तिच्या आधीच लिहून तयार होतो. अशा वेळी मी पेन खाली ठेवते. "तुम्हांला काय हवंय?" एवढं विचारते. साधा प्रश्न आहे. माणसं दचकतात; त्यांना तो फारसा कोणी विचारलेला नसतो. कधी कधी उत्तर माझ्या तयार अर्जाच्या अगदी उलट निघतं. मला हा प्रश्न कायद्याच्या कोणत्याही वर्गानं शिकवला नाही, त्या दुपारी अनघाच्या चेहऱ्यानं शिकवला.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. "चुकलं माझं," म्हणाले. "तुला काय पाहिजे?"

ती हसली. थोडंसंच. "आंगन चांगलं आहे," म्हणाली. "पण ते दोन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळे परत वर. मला वाचनालय पाहिजे, मीनल. आणि मूटमध्ये मला ती खासगीपणाची बनावट केस नाही लढायची. ही लढायची आहे. आपल्याच कॉलेजच्या विरुद्ध."

"आणि कॉलेजच्या बाजूनं कोण उभं राहील?"

"फैजान. तो चांगला भांडतो."

फैजान दोन दिवस नाही म्हणत होता. तिनं त्याला सांगितलं की तू मुद्दाम हरलास तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. मग तो तयार झाला आणि खरोखर तयारीला लागला.

मेळाव्याचे ते दोन दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. सकाळी धुक्यात ओल्या झालेल्या सतरंज्या. ऊन सरकलं की सव्वाशे मुलंमुली खुर्च्या उचलून त्याच्यामागे सरकत, आणि बोलणारा मधेच थांबून हसत असे. इंटरनेट बंद करण्यावर एका मुलीनं केलेलं भाषण, ज्यात तिनं फक्त आपल्या भावाचा नोकरीचा अर्ज बंदीच्या चार दिवसांत कसा राहून गेला एवढंच सांगितलं. आंदोलनाच्या हक्कावर दोन मुलांची जुंपली आणि पुरी-भाजीच्या रांगेत ती पुढे चालूच राहिली. दोघं एकमेकांच्या ताटात वाढत होते आणि भांडत होते. आपल्या देशाबद्दल मला वाटणारी आशा कशी दिसते असं कोणी विचारलं तर मी ती रांग सांगेन.

शेवटच्या दुपारी सुनावणी सुरू झाली. निवृत्त न्यायाधीश बाई साध्या टेबलामागे, खांद्यावर शाल. प्राचार्य पहिल्या ओळीत, ताठ. सगळं हिंदीत झालं. मी ते माझ्या भाषेत सांगते.

फैजान छान बोलला. इमारत जुनी आहे, ती कोणाला वगळायला बांधलेली नाही. वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडं आहे, कुठलाही नियम कोणाला अडवत नाही. एका विद्यार्थिनीसाठी सगळी व्यवस्था हलवणं व्यवहार्य नाही. आणि मुख्य म्हणजे तिची गैरसोय झालेलीच नाही. मागितलेलं प्रत्येक पुस्तक तिला मिळालं आहे. त्यानं कागद खाली ठेवला तेव्हा मुलं एकमेकांकडे बघू लागली. उत्तर सोपं नव्हतं.

अनघा टेबलासमोर आली. म्हणाली, "मला एक साक्षीदार बोलवायचा आहे. मीनल."

हे ठरलेलं नव्हतं. मी उठले, माझी खुर्ची मागे पडली.

"अडीच वर्षं माझी पुस्तकं तुम्ही आणता?"

"हो."

"मी मागितलेलं एखादं आणायचं राहिलं?"

"नाही."

"मी न मागितलेलं एखादं कधी आणलंत?"

ऊन डोळ्यांवर येत होतं. "नाही," मी म्हणाले.

"तुम्ही स्वतः वाचनालयातून असं पुस्तक कधी घेतलंय, जे घ्यायचं ठरवून गेला नव्हतात?"

"पुष्कळदा."

"कसं मिळालं ते?"

"शेजारी होतं," मी म्हणाले. "दुसरं काढायला गेले तेव्हा शेजारी दिसलं."

अनघा न्यायाधीश बाईंकडे वळली. "एवढंच म्हणायचं आहे. जे आहे हेच मला माहीत नाही ते मी मागणार कसं? प्रतिवादी म्हणतात दार उघडं आहे. दार उघडं आहे, पण ते वर आहे. मी खाली बसून जे मागितलं ते मला मिळालं, याबद्दल मी माझ्या मैत्रिणीची ऋणी आहे. पण माझं वाचन कुठवर जाणार, हे तिच्या पायांनी ठरवलं. तिनं वाईट हेतूनं नाही ठरवलं. कोणीच वाईट हेतूनं काही केलेलं नाही. मला वाटतं, म्हणूनच हे इतकी वर्षं चाललं."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मागच्या ओळीतून तिवारीजी उठले होते. तिवारीजींना कधी चार वाक्यं सलग बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं. चष्मा कपाळावरच होता.

"मैडम, मुझे किसी ने बुलाया नहीं है," ते म्हणाले. "लेकिन नीचे कोने वाला कमरा बंद पड़ा है. टूटी बेंचें और पुरानी कॉपियाँ भरी हैं उसमें. चाबी मेरे पास है. मुझे पहले कहना चाहिए था. किसी ने पूछा नहीं, मैंने कहा नहीं."

आवाराच्या कोपऱ्यात, चार पायऱ्यांच्या जोत्यावर ती खोली होती. आम्ही सगळे मान वळवून तिच्याकडे बघू लागलो, जणू ती आत्ताच तिथे उगवली होती.

न्यायाधीश बाईंनी निकाल दिला नाही. त्या म्हणाल्या, "खोटा निकाल कशाला देऊ? खरे प्रतिवादी इथे बसले आहेत." आणि प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य उठले. त्यांच्या खांद्यावर खरंच कडुनिंबाची दोन पानं पडली होती. ते अनघाकडे वळून हिंदीत म्हणाले की मी तीस वर्षं समतेचं कलम शिकवत आलो, आणि माझी स्वतःची खोली वर आहे हे मला आज कळलं. कमरा खुलेगा.

टाळ्या वाजल्या त्या तेव्हा.

पण टाळ्यांनी खोली उघडत नाही, हेही त्याच हंगामात शिकले. फेब्रुवारी असाच गेला. आज शिपाई नाही, उद्या मंजुरी नाही, परवा प्राचार्य दौऱ्यावर. फैजान, जो कॉलेजच्या बाजूनं लढला होता, तोच दर सोमवारी अर्ज घेऊन वर जायचा. अनघा प्रत्येक अर्जाची नक्कल स्वतः ठेवायची. ती चिडली नाही आणि सोडलंही नाही. शेवटी कंटाळले ते न देणारे. फेब्रुवारी सरता सरता एका शनिवारी खोलीचं कुलूप निघालं आणि आम्ही वीसेक जणांनी तोंडाला रुमाल बांधून मोडके बाक बाहेर काढले.

पायऱ्यांसमोर गवंड्यानं रॅम्प बांधून दिला. मी बाबांना तो कौतुकानं दाखवायला नेलं. त्यांनी खिशातून सपाटी बघायची छोटी पाणसळ काढली. निवृत्तीनंतरही ती त्यांच्या खिशात असायची. ती उतारावर ठेवली आणि मान हलवली.

"ही घसरगुंडी आहे," बाबा म्हणाले. "फूटभर चढायचं तर बारा फूट लांबी पाहिजे. जोतं दोन फुटांचं, म्हणजे चोवीस. यावरून तिला कोणीतरी ढकलावंच लागेल. मग केलंत कशाला?"

गवंडी वाद घालू लागला. बाबांनी वाद घातला नाही, अनघाला बोलावलं आणि म्हणाले, "बाळ, तू सांग. एकटीनं चढता येतंय का?" तिनं प्रयत्न केला. अर्ध्यावर चाकं मागे यायला लागली. बाबांनी हात लावला नाही, फक्त मागे उभे राहिले. गवंड्यानं ते पाहिलं आणि स्वतःच पहार घेतली. पुढचे चार दिवस बाबा सकाळी डबा घेऊन इंद्रपुरीहून येत, जसे कारखान्यात जात तसे. वळण घेऊन चोवीस फूट बसवले. आई म्हणाली, निवृत्तीनंतर पहिल्यांदा हा माणूस वेळेवर जेवतो आहे.

पुस्तकं तिवारीजींनी स्वतः हलवली. कोणाला हात लावू दिला नाही. कपाटांचा क्रम मोडेल म्हणाले. सगळं वाचनालय खाली आलं नाही, जंगलांचे कायदे वरच राहिले. आजही तिथेच आहेत असं ऐकते. अनघा आता जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिथे काही दालनं खाली आली आहेत, काही नाहीत. तिचे अर्ज चालू आहेत आणि ती त्यांच्या नकला ठेवते. फैजान तिच्याच ऑफिसात बसतो. दोघं अजून भांडतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेला महिना उरला असताना, खोली सुरू झाली. फीत नव्हती, भाषण नव्हतं. कडुनिंबाची पानं गळत होती, ऊन आता सावलीत ढकलायला लागलं होतं. अनघा रॅम्पवरून वर गेली. मी खालीच थांबले होते, तर ती वळणावरून म्हणाली, "ये की."

आत तिवारीजी सवयीनं उठले. "क्या निकाल दूँ, बिटिया?"

"कुछ नहीं," ती म्हणाली. "देखूँगी."

ते बसले. अनघानं पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. एकेका कण्यावरचं नाव वाचत, मान तिरपी करून, चाक एक वीत पुढे, मग थांबत. पुस्तक काढे, मधूनच कुठलं तरी पान वाचे, परत ठेवी. दुसरं काढे. एकदा मोठ्यानं हसली, काय वाचून ते मला सांगितलं नाही. मी परीक्षेच्या टिपणांसमोर बसले होते आणि एक ओळ वाचली नाही. दोन तास गेले असतील. शेवटी ती टेबलाशी आली तेव्हा मांडीवर एकच पुस्तक होतं, पातळ, पिवळं पडलेलं: तलाव आणि नद्यांमधल्या मासेमारीचे जुने नियम.

"अगं, हे आपल्याला परीक्षेला नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे," अनघा म्हणाली. "शेजारी होतं."

तिवारीजींनी नोंदवही उघडली आणि सवयीनं पेन माझ्यापुढे केलं. मग त्यांचा हात थांबला. मागची पानं त्यांनी हळूहळू उलटली. अडीच वर्षांची तिची सगळी पुस्तकं तिथे माझ्या नावावर, माझ्या सहीनं होती. त्यांनी कोरी ओळ काढली, वही फिरवून अनघाच्या बाजूला सरकवली, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. अनघानं आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात, आणि खाली सही केली.